फोटोतला घोडा लाथ मारत नाही

मी शहाद्याचा. धंदा विम्याचा. घोड्यांशी माझा संबंध एवढाच, की सारंगखेडा आमच्याच तालुक्यात आहे. तापीकाठच्या या गावात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. मारवाड, काठेवाड, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात. एवढ्याच भांडवलावर पुण्या-नाशिकच्या ओळखीपाळखीच्या लोकांनी मला घोड्यांतला जाणकार ठरवून टाकलं. कोणीतरी मोबाइलवर जाहिरात पाहतो, खाली 'जि. नंदुरबार' वाचतो आणि मला फोन लावतो, "भाऊ, तुमच्याच भागातला आहे, जरा बघून येता का?" मी जातो. मला घोड्यावर धड बसता येत नाही हे कोणी विचारत नाही, आणि मीही आपणहून सांगत नाही. या फुकटच्या हेलपाट्यांत जे उमगत गेलं, ते खाली मांडतो.

१. जाहिरातीत घोड्यापेक्षा घेणाऱ्याचंच वर्णन जास्त असतं.

एकच घोडी मी तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पाहिली. वरातवाल्यांच्या ग्रुपवर ती 'फुल नाच, डीजे-फटाक्यांना न घाबरणारी' होती. फार्महाऊसवाल्यांच्या ग्रुपवर 'अतिशय शांत, लहान मुलंही बसतात' अशी होती. पैदाशीच्या शौकिनांमध्ये तीच 'चार महिन्यांची गाभण, बाप नामांकित' झाली होती. कपाळावरचा तुटका चंद्र तोच, मागची पत्र्याची भिंतही तीच. ठाणावर जाऊन पाहिलं तर बाईसाहेब कान मागे पाडून उभ्या होत्या आणि मालक चाऱ्याची पाटी लांबूनच पायानं सरकवत होता. मला मालकाचं फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिन्ही ग्रुपांवरच्या लोकांचं. ज्याला जशी हवी होती तशी घोडी त्याला दिसली होती. गाभण आहे हे कोणत्या डॉक्टरनं तपासलं, एवढा साधा प्रश्न एकानंही विचारला नव्हता. विम्याच्या धंद्यात हे मी रोज पाहतो. माणूस अटी वाचत नाही, त्याला हवं तेवढं ऐकतो. पण चार पायांच्या जिवाच्या बाबतीतही लोक असंच वागत असतील, असं वाटलं नव्हतं.

२. घोड्याचं वय मजकुरात नसतं, तोंडात असतं.

यात्रेत दरवर्षी भेटणारे एक आबा आहेत. सारा जन्म घोड्यांच्या व्यापारात गेलेला. एकदा त्यांना गळ घालून एक 'तीन वर्षांचा' घोडा बघायला नेलं. आबांनी डाव्या हातानं घोड्याचं नाक धरलं आणि उजव्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवला. तिथं दात नसतात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते, लगामाची कडी बसते ती तिथंच. जीभ एका बाजूनं बाहेर धरली, तसं घोड्यानं मुकाट तोंड उघडलं. दुधाच्या दातांपैकी मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्की येते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं. मग खालच्या दातांच्या माथ्यावरचे काळसर खळगे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान झिजून बुजत जातात. त्यापुढे वय सांगणं म्हणजे अंदाज. या घोड्याचे सगळे दात पालटलेले होते, खळगे बुजलेले, सुळे पुरते बाहेर. आबा काहीच बोलले नाहीत, नुसते मालकाकडे बघत राहिले. मालक म्हणाला, "मी घेतला तेव्हा समोरच्यानं तीनच सांगितलं होतं." केव्हा घेतला? "झाली असतील पाच-सहा वर्षं." म्हणजे जाहिरातीतला घोडा तीन वर्षांचा होता आणि तीनच वर्षांचा राहणार होता. हात फिरतो, ठाण बदलतं, किंमत वाढते, वय मात्र वाढत नाही.

३. उंची मोबाइल कोण आणि कसा धरतो यावर ठरते.

घोड्याची उंची कानापर्यंत मोजत नाहीत. आयाळ जिथं संपते आणि पाठ सुरू होते, त्या खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात, तीही सपाट जमिनीवर. मारवाडी, काठेवाडी घोडे साधारण ५८ ते ६४ इंचांच्या आसपास भरतात. त्याहून उंचही असतात, पण जाहिरातींत दिसतात तितके नाही. तिथं ६६ आणि ६८ इंच यांचा सुकाळ आहे. युक्ती सोपी आहे. घोड्याला उंचवट्यावर उभा करायचा, लगाम धरायला बुटका पोरगा द्यायचा आणि व्हिडिओ काढणाऱ्यानं उकिडवं बसायचं. मी गेलो की टेप काढतो, आणि टेप दिसली की मालकाच्या कपाळाला आठी पडते. एक गृहस्थ मात्र मनमोकळे निघाले. म्हणाले, "इंच लिहिले नाहीत तर फोनच येत नाही, साहेब. सगळेच दोन-तीन इंच चढवून लिहितात. मी खरं लिहिलं तर माझाच घोडा खुजा दिसतो." या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

४. 'शांत' हा घोड्याचा स्वभावही असू शकतो आणि त्याची सकाळही.

दोन तास उन्हात पिटाळून आणलेला घोडा शांत असतो. उपाशी घोडा शांत असतो. सुस्ती येणारं औषध टोचलेला घोडा तर फारच शांत असतो. म्हणून आता मी अकराची वेळ ठरवून नऊलाच हजर होतो. शिष्टाचार मोडतो, पण बरंच दिसतं. घोड्याला ठाणावरून कोण सोडतं, खोगीर चढताना तो पोट आवळतो का, मागचा पाय उचलू देतो का, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तर बुजतो का. एकदा आबांना घेऊन असाच लवकर गेलो तर शांत म्हणून लिहिलेल्या घोड्याच्या तोंडातून काटेरी लगाम काढून साधा चढवणं चाललं होतं. काटेरी लगामाला आपल्याकडे १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे. जिभेवरचा व्रण ताजा होता. त्याला शांत म्हणायचं की भ्यालेला? परत येताना आबा अहिराणीत एवढंच म्हणाले, "फोटोमझारला घोडा कोणलेच लाथ मारत नही, भाऊ." विलायतेत शांत घोड्याला जाहिरातीत 'बॉम्बप्रूफ' म्हणतात म्हणे. बॉम्ब लावून पाहणार कोण? आपल्याकडे निदान डीजे तरी खरा असतो.

५. शुभलक्षणं बघणाऱ्याची नजर खुरापर्यंत पोचत नाही.

घोड्यांची परिभाषा मोठी मोहक आहे. चार पाय आणि तोंड पांढरं तो पंचकल्याण, गळ्याखालचा भोवरा म्हणजे देवमण, काळाभोर तो मुश्की, पांढराशुभ्र गुलाबी कातडीचा नुकरा. मारवाडी आणि काठेवाडी घोड्याचे कान वर जाऊन टोकाशी एकमेकांकडे वळतात, ते पाहून तर भलाभला माणूस विरघळतो. चार शब्द पाठ झाल्यावर मीही काही दिवस ते तोंडावर फेकत हिंडलो. समोरचा मान डोलवायचा आणि मला वाटायचं, आपण शिकलो. हळूहळू लक्षात आलं की जाहिरातीतही हेच चालतं. देवमणाचा जवळून फोटो, कानांचा फोटो, डोळ्यांचा फोटो. खुरांचा फोटो मात्र शोधून सापडत नाही. कुठे वाळूत रुतलेले, कुठे गवतात लपलेले, कुठे फोटोच गुडघ्याशी कापलेला. खूर फाटलेलं आहे का, तळवा सडलाय का, नाल शेवटचा केव्हा मारला, घोडा कडक जमिनीवर वळताना पाय चोरतो का, हे विचारणारं गिऱ्हाईक रसिकतेच्या बाबतीत कमी पडतं असं समजलं जातं. भोवरे घोड्याला चालवत नाहीत. हे मी एका मारवाडी व्यापाऱ्याला म्हणालो, तर तो हसून म्हणाला, "चालवत नाहीत, पण विकतात."

६. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे.

दर यात्रेला बातम्या येतात. सारंगखेड्यात अमुक कोटींचा घोडा. लोक ट्रॅक्टर-टेम्पो करून तो बघायला येतात, त्याच्यासोबत फोटो काढतात. त्याचा खुराक, त्याचे नोकर, त्याचा पंखा, सगळ्याचे व्हिडिओ फिरतात. असे घोडे बहुधा आले तसे परत जातात, आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही. मालकाला नाव मिळतं, घोड्याला पुढे पैदाशीचं काम मिळतं, यात्रेची शोभा वाढते. बिघडतं ते दुसरीकडे. धडगावकडचा एखादा माणूस आपल्या ओझ्याच्या तट्टाचा फोटो टाकून सात लाख लिहितो, कारण त्यानं कोटींची बातमी वाचलेली असते. आणि शहरातला माणूस त्याला 'गावाकडे स्वस्त मिळतो' म्हणून चाळीस हजार सांगतो, कारण त्यानं काहीच वाचलेलं नसतं. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत आहे. ती मला पूर्वी चोरटी वाटायची. आता वाटतं, तिच्यात निदान दोन माणसं आणि जनावर एका जागी उभी असतात आणि भाव त्या जनावराकडे बघून होतो.

७. घोडा अर्धा घेता येतो, पण अर्धा पोसता येत नाही.

भागीदारीच्या जाहिराती अलीकडे वाढल्यात. शहरात त्याला शेअरिंग म्हणतात, 'अर्धा खर्च द्या, आठवड्याचे तीन दिवस बसा'. आमच्याकडे दोघं मिळून वरातीची घोडी घेतात. ऐकायला दोन्ही शहाणपणाचं वाटतं. पण लग्नाची दाट तिथी दोघांनाही एकच असते. त्या संध्याकाळी घोडी एक आणि नवरदेव दोन, तेव्हा भागीदारीची पहिली ठिणगी पडते. मग आषाढ लागतो. वराती थांबतात, घोडी खायची थांबत नाही. आता ती त्या दोघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याची वाटू लागते. असा एक वाद मिटवायला मला बसवलं होतं, विमावाला म्हणजे कागद कळणारा म्हणून. कागदच नव्हता! पोटशूळ उठला तर रात्री डॉक्टरला कोण बोलावणार, नालबंदाचे पैसे कोणाचे, घोडी पडली तर नुकसान कसं वाटायचं, यातलं काहीच बोलणं झालेलं नव्हतं. बोलणं झालं होतं फक्त कमाईच्या वाटणीचं. दोघंही माणसं सज्जन होती. घोडीच्या बरगड्या मात्र मोजता येत होत्या.

८. जाहिरातीत कागद कधीच दिसत नाही, आणि तो दिसावा असं कोणाला वाटतही नाही.

घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो. त्याला लस नाही, तो माणसालाही होऊ शकतो, आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे तो सरकारला कळवावा लागतो. रक्ताची तपासणी हा त्याचा पत्ता लावण्याचा मुख्य मार्ग, आणि हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही त्यातली देशातली मोठी संस्था. बाधित घोड्याला उपचार नसतो, त्याला मारावंच लागतं. गाडीतून घोडा न्यायचा तर १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा दाखला लागतो. आता एवढं सगळं असताना मी आजवर पाहिलेल्या जाहिरातींत 'रक्ततपासणी झालेली आहे' ही ओळ दिसावी तर ती नाहीच. फोनवर विचारलं तर उत्तर येतं, "एकदम तंदुरुस्त आहे, बघा ना फोटोत." फेसबुकच्या बाजारपेठेच्या नियमांत तर जनावर विकणंच बसत नाही, म्हणून किमतीच्या जागी 'इनबॉक्स' लिहितात, आणि कोणी 'विकणे नाही, फक्त शौकिनांसाठी' असं लिहून मोबाइल नंबर देतो. इंग्लंडमध्ये प्रत्येक घोड्याचं ओळखपत्र असतं आणि ऑक्टोबर २०२० पासून मायक्रोचिपही सक्तीची आहे. आपल्याकडे निदान बाजारात घेतलेल्या घोड्याची पावती तरी फाटते. मोबाइलवर घेतलेल्या घोड्याची ओळख म्हणजे ज्यानं विकला त्याचा बंद लागणारा फोन.

९. काही जाहिरातींत घोडाच नसतो.

२०२० साली करोनामुळे यात्रा भरली नाही. सगळा बाजार मोबाइलवर गेला, आणि तिथून काही मंडळी परत आलीच नाहीत. एका ओळखीच्या माणसाचा फोन आला, गाव सांगितलं, मालकाचं नाव सांगितलं. मी त्या गावात जाऊन विचारत फिरलो. नावाचा माणूस नाही, घोडा तर नाहीच. चहाच्या टपरीवाल्यानं व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, "मागे उंट दिसतोय, साहेब. हे राजस्थानातलं आहे." तोवर इकडे गाडीभाडं आगाऊ पाठवून झालं होतं, आणि 'परतावा मिळेल' म्हणून आलेला क्यूआर कोडही स्कॅन झाला होता. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. एवढी एक गोष्ट ठाऊक असली तरी पुष्कळ वाचतं. आणि फसलंच, तर लाज न धरता लगेच १९३० वर फोन करावा. माझा तो ओळखीचा माणूस बँकेत नोकरीला आहे, हे सांगितलं तर त्याला आवडणार नाही.

१०. विकणारा खोड सांगतो, तेव्हा त्याचा घोडा बघायला जावं.

घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. पाच वर्षांचा घेतला तर पुढची वीस वर्षं तुमची. रोज सात-आठ किलो सुका चारा-दाणा, पंचवीस-तीस लिटर पाणी, आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, आणि रोज सकाळी खरारा करणारा एक माणूस. यातलं काहीही जाहिरातीत येत नाही, कारण हे वाचून कोणी फोन करणार नाही. पण एकदा एक जाहिरात आली, तिच्यावर लोक हसत होते. म्हणून तर ती मला पाठवली गेली. त्यात लिहिलं होतं: 'घोडी नऊ वर्षांची. उंची ५९ इंच. उजव्या बाजूनं चढू देत नाही. कुत्र्याला बुजते. वरातीला चालते, पण गर्दीत मागे माणूस लागतो. मुलगा नोकरीला गेला, मला आता तिचं होत नाही.' मी आबांना घेऊन मुद्दाम गेलो. टेप लावली, ५९ इंच भरली. उजवीकडून जवळ गेलो, तिनं मला उजवीकडून जवळ येऊ दिलं नाही. तोंड उघडून बघायचं धाडस मी केलं नाही. ते आबांनी केलं आणि मान हलवली. त्या म्हाताऱ्याला फोन फार थोडे आले. पण जो माणूस घोडी घेऊन गेला, तो आधी दोनदा येऊन बसून, चालवून, कुत्रा भुंकतो तेव्हा ती काय करते ते बघून गेला होता. भावात त्यानं फार घासाघीस केली नाही. करायला काही उरलंच नव्हतं.

लोक मला अजूनही फोन करतात, आणि मी अजूनही जातो. सल्ला विचारला तर सांगतो की सारंगखेड्याला या, चार दिवस राहा, घोडे ठाणावर बांधलेले असताना बघा आणि डॉक्टर बरोबर आणा. तेवढं जमणार नसेल तर घोड्याचा नाद सोडा. विकणाऱ्यालाही एवढंच सांगणं आहे: दातांवरचं वय, टेपवरची उंची, रक्ततपासणीचा कागद आणि निदान एक खोड, एवढं लिहा. आणि तुम्ही-आम्ही, जे ना विकतो ना घेतो, आपल्याही हातात एक गोष्ट आहे. ज्या घोड्याला आपण हात लावलेला नाही, त्याची जाहिरात पुढे पाठवायची नाही.